शेतघरासाठी रिव्हॉल्व्हर की दुनळी?
खानापूरकडच्या एकाकी शेतघराच्या राखणीसाठी .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे एकाने सुचवले आहे; ते मत मला पटत नाही. कारण अंधारात, हात थरथरत असताना, सराव नसलेल्या माणसाचा आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने धरलेला नेम सहज चुकतो, तर बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची लांब बंदूक, खांद्याला टेकवून स्थिर धरता येते. काडतूस निवडताना मात्र भिंतींचा विचार आधी करावा: जाड छर्रे फळ्यांची आडभिंत भेदून पलीकडे निजलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकतात, बारीक छर्ऱ्यांचा जोर लवकर ओसरतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. निवडणुका लागल्या की बहुधा त्याही ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि मग राखणीला कुत्राच उरतो.