नाशी लोकांची चित्रलिपी नुसती वाचता येते का?

प्रश्न: चीनच्या युन्नानमधल्या लिजांगला जाऊन आलो, तिथे दुकानांच्या पाट्यांवर तिथल्या नाशी लोकांच्या डोंगपा लिपीतली चित्रं दिसली. ही चित्रं शिकली की त्यांची पोथी वाचता येईल का हो?

उत्तर १: नाही दादा, तीच तर खरी गंमत आहे! पोथीत प्रत्येक शब्द लिहिलेलाच नसतो, वाघाचं डोकं, डोंगर, अंडं असं काहीबाही काढलेलं असतं आणि मधली सगळी वाक्यं डोंगपा म्हणजे त्यांचा पुजारी पाठांतरातून म्हणतो, म्हणून गुरूशिवाय पोथी मुकीच. २००३ मध्ये युनेस्कोने या पोथ्या जागतिक स्मृती यादीत घेतल्या पण म्हणणारे म्हातारे गेले की नुसता कागद उरतो, याचं फार वाईट वाटतं.

उत्तर २: अगदी बरोबर. अंत्यविधीत तर लांबच लांब चित्रपट्टा अंथरतात, त्यावर खाली नरक, मध्ये माणसं, वर देव, आणि मृताच्या आत्म्याला पुजारी पायरी पायरीने वर नेतो. पोथीतल्या ओळी डावीकडून उजवीकडे, लेखणी बांबूची, कागद झाडाच्या सालीचा, हाताने केलेला.

प्रश्नकर्ता: धन्यवाद ताई, म्हणजे मी पाट्यांवर पाहिलं ते नुसतं अक्षर होतं, मंत्र नव्हता.