लेकीला चित्रं, शिल्पं, फोटो, हस्तकला दाखवायचंय, सुरुवात कुठून करू? (सातारा-पुणे-मुंबई-कोकण)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही कराडला असतो. लेक आठवीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला बसायचंय. स्थिरचित्र, स्मरणचित्र सगळं मनापासून करते पण मला जाणवतंय की तिने खरं चित्र असं जवळून बघितलेलंच नाहीये, जे काय बघते ते मोबाईलवर, आणि तिथे तैलचित्र काय, जलरंग काय, शिल्पाचा फोटो काय, सगळं एकाच काचेमागे एकाच मापाचं दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला फिरवायचा विचार आहे. एकाच प्रकारात अडकायचं नाहीये, चित्रं, शिल्पं, फोटोग्राफी, तांब्या-पितळेचं काम, कापड, जे जमेल ते. अडचण अशी की म्युझियममध्ये गेलो की आम्ही पाटी वाचतो, पुढे सरकतो, परत पाटी वाचतो आणि अर्ध्या तासात बाहेर. ती विचारते "आई यात बघायचं काय?" आणि मला सांगता येत नाही. मी स्वतः कॉमर्सवाली. तर कुठे जायचं आणि तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं, दोन्ही सांगा प्लीज.

---

यमाईचा_डोंगर

ताई, तुम्ही कराडला आणि विचारताय कुठे जाऊ? औंधला जा आधी! आपल्या साताऱ्याच्याच खटाव तालुक्यात आहे आणि आपल्याच लोकांना माहीत नसतं. यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे, संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उघडलेलं. सूर्यनमस्कारवाले म्हणून लोक त्यांना ओळखतात पण ते स्वतः चित्रकार होते, रामायणावर चित्रं काढलीत त्यांनी, आणि संग्रह बघितला की कळतं माणसाला नजर काय होती. राजा रविवर्म्यांची सैरंध्री आणि दमयंती इथे आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत, बंगालकडची चित्रं आहेत आणि इंग्लंडचा नावाजलेला शिल्पकार हेन्री मूर याचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प, तेही खटाव तालुक्यात! तुम्हाला जे चारपाच प्रकार हवेत त्यातले बरेचसे एका छपराखाली बघून होतील.

आता काय बघायचं. सगळं बघू नका. तीन वस्तू ठरवा आणि प्रत्येकीसमोर दहा मिनिटं उभ्या राहा, पाटी शेवटी वाचा. रविवर्म्यांच्या चित्रात लेकीला म्हणावं साडीचा जरीकाठ बघ. चार पावलं मागून बघितलं तर सोनं वाटतं, अगदी झळाळतं, आणि जवळ गेलं की सोनं कुठेच नाही, पिवळा, तपकिरी आणि मध्येमध्ये पांढरट रंगाचे ठिपके आणि फटकारे. तंजावरच्या चित्रात खरा सोन्याचा वर्ख लावतात, इथे सगळं रंगाने केलंय. तैलरंग सावकाश वाळतो त्यामुळे ओले रंग एकमेकांत मिसळता येतात, आणि वाळलेल्या थरावर दुसरा पातळ थर चढवत चित्रकाराला कातडीचा उजेड आणता येतो. हे एकदा मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं ना की पुढच्या प्रत्येक चित्रासमोर ती आपोआप पुढे-मागे व्हायला लागेल.

जलरंगात उलटं असतं, पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर बघितलंच असणार, बरेच लोक त्याला रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे, स्वतःच्या मुलीला उभं करून काढलेलं, आणि ज्योतीवर धरलेल्या बोटांमधून जो लालसर उजेड येतो तो जलरंगात आणलाय त्यांनी. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, कधी तिकडे गेलात तर चुकवू नका. छापील प्रतींवर मात्र जास्त भरवसा ठेवू नका, मूळ बघणं वेगळंच.

---

मठार

धागा वाचून राहवलं नाही. वरचं सगळं बरोबर आहे पण चित्र म्हटलं की सगळे भिंतीकडेच बघतात, मुलांना वस्तू दाखवा हो. पुण्यात बाजीराव रोडला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कवी अज्ञातवासी म्हणजेच दिनकर केळकर, त्यांनी गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं हे संग्रहालय. त्यात राजेरजवाड्यांचं सामान कमी आणि घरातलं जास्त, दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, कुलपं, कंगवे, पेट्या. अडकित्त्यांच्या कपाटासमोर मी माझ्या भाच्यांना खाली बसवून वहीत काढायला लावलं होतं. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते, पण त्या दोन पात्यांचे घोडे झालेत, मोर झालेत, बाई-पुरुष झालेत. मुलीला विचारा, खीळ कुठे बसवलीय? कारागिराने सांधा लपवलाय की त्यालाच दागिना केलाय? ती इंटरमिजिएटला संकल्पचित्र करणार ना, मग दिलेल्या आकारात नक्षी कशी बसवायची याचा याहून चांगला धडा कुठल्या क्लासमध्ये मिळणार नाही.

आणि मग तिथून कसबा पेठेत तांबट आळीत जा. आमच्यात ठोकून पोत आणायच्या कामाला मठारकाम म्हणतात. भांडं घडवून झालं की आतून लोखंडी खरवईचा (ठोकताना खाली धरायच्या ऐरणीचा) आधार द्यायचा आणि बाहेरून हातोडीने एकसारखे ठोके, ओळीने, एकाला एक लागून. लोकांना वाटतं हे नुसतं दिसायला केलंय. ठोक्याने पत्रा घट्ट होतो, भांडं कडक होतं, आणि तोच ठोका उजेडात चमकतो. हाताने ठोकलेल्या भांड्यावर बोट फिरवलं तर ठोके किंचित कमीजास्त लागतात, मशीनवर छापलेल्यात सगळे एकसारखे. विचारून, काम थांबलेलं असताना आत जा, बहुतेक लोक आनंदाने दाखवतात. जमलं तर एखादी वाटी विकत घ्या, भाव करू नका, एकेका भांड्यामागे किती हजार ठोके असतात ते बघितल्यावर तुम्हालाच वाटणार नाही करावासा.

---

रोलफिल्म

फोटोग्राफीबद्दल कोणीच नाही बोललं म्हणून लिहितो. त्यासाठी गॅलरीत जायच्या आधी घरातली ट्रंक उघडा. पणजोबा-पणजीचा स्टुडिओतला फोटो असेल तर तो मुलीच्या हातात द्या. मागचा पडदा बघायला सांगा, खांब, जिने, बाग, ते सगळं चित्रकाराने रंगवलेलं असायचं. चेहऱ्यावर सुरकुत्या कमी दिसतात कारण निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने टचिंग करायचे. काही फोटोंवर साडीला, गालाला हाताने रंग दिलेला असतो. म्हणजे फोटो कुठे संपतो आणि चित्र कुठे सुरू होतं ते एकाच कागदावर बघायला मिळतं, मला तरी हे भारी वाटतं.

मग मुलीला होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगा. जन्म नवसारीचा, १९१३ चा, शिकल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या फोटोत चौकट बघा, कडेला कोण अर्धवट कापला गेलाय, कोणाची नजर कुठे जातेय, म्हणजे चित्रकलेच्या शाळेत डोळा तयार झालेला माणूस गर्दीत कसा उभा राहतो ते दिसतं. आणि मुंबईचे नारायण विनायक विरकर, १९१९ च्या जालियनवाला बागेनंतर अमृतसरला जाऊन त्यांनी भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढले. तिथे प्रेतं नाहीत, रक्त नाही, नुसती भिंत आणि खुणांकडे बोट दाखवणारी माणसं आणि तरी अंगावर येतो तो फोटो. आठवीतल्या मुलीला इतिहासात हा धडा असतो, तिला नक्की भिडेल.

एक काम द्या तिला. मोबाईलवर घरातल्या एकाच खिडकीचे सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोटो काढायचे, झूम न करता, फिल्टर न लावता. मग स्थिरचित्रात सावली कुठे द्यायची ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

---

कृष्णाकाठ

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी! औंध पक्कं, आमच्या शेजारचे दरवर्षी यमाईला जातात आणि मी एकदाही वर संग्रहालयात गेले नाही. ट्रंकेतला फोटो आजच काढला, मागे खरंच रंगवलेला जिना आहे, लेक अर्धा तास बघत बसली होती.

दोन शंका. सासूबाईंच्या देवघरात एक जुनं लक्ष्मीचं छापील चित्र आहे, खाली रविवर्मा प्रेस असं लिहिलंय आणि साडीवर टिकल्या आणि खरी जर चिकटवलीय. छापील प्रतींवर भरवसा ठेवू नका म्हणालात, मग याला काय म्हणायचं, हे बघण्यासारखं आहे का? आणि शिल्पाचं कोणीतरी सांगा ना, तिथे तर मला काहीच सुचत नाही.

---

दगडी_छापा

बघण्यासारखं? ताई ते जपून ठेवा, उन्हापासून लांब आणि उदबत्तीच्या धुरापासूनही लांब! यमाईचा_डोंगर यांच्याशी माझं इथे पटत नाही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथून ही ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं, घराघरात गेली. ज्यांना देवळात गाभाऱ्यापर्यंत येऊ देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. याला मूळ चित्राची नक्कल म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही, ही छापण्याची स्वतंत्र कला आहे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर कारागिराने हाताने ठिपके देऊन चित्र उतरवायचं, मग एकावर एक बरोब्बर बसवून छापायचं. जराशी चूक झाली की ओठाचा लाल गालावर जातो. भिंग घेऊन चेहरा बघा, बारीक, वेडेवाकडे हाताचे ठिपके दिसतील. आत्ताच्या छपाईत ते ठिपके ओळीत असतात, तो फरक मुलीला लगेच कळेल.

आणि टिकल्या आणि जर तुमच्या घरातल्याच कोणा बाईने लावलेली असण्याची शक्यता भरपूर. तेव्हा ही पद्धतच होती, चित्र आणायचं आणि देवीला साडी नेसवायची. सासूबाईंना विचारा कोणी लावली. काढायचा विचार अजिबात करू नका, चित्र, छपाई आणि भरतकाम तिन्ही एकाच फ्रेममध्ये आहे तुमच्याकडे.

---

शाडू

शिल्पासाठी सासवणे. गेटवेवरून लाँच पकडून मांडवा, तिथून पुढे अलिबागच्या रस्त्यावर थोड्याच अंतरावर नानासाहेब करमरकरांचं घर आणि शिल्पालय आहे. विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, वडील गणपती करायचे. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोराने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं, ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बघितलं आणि त्याला जे. जे. ला पाठवलं. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी शाळेतला तो १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याला जायच्या आधी किंवा नंतर तो बघाच, सोबतीने बघायलाच हवेत.

का ते सांगतो. पुण्याचा पुतळा ब्राँझचा, ओतीव काम, खालून वर बघायचा, मोठा. सासवण्याला घरच्या अंगणात सिमेंटमध्ये केलेली म्हैस आहे. सिमेंट! जे आपण गिलाव्याला वापरतो ते. म्हशीच्या अंगाचा जडपणा, बरगड्या, कातडीची घडी, सगळं त्या राखाडी खरबरीत मालात असं बसलंय की दुसऱ्या कशात ती म्हैस झालीच नसती. कोळणी, घरातली माणसं, गावातली माणसं, सगळी तिथे आहेत. मुलीला एक सांगा, शिल्प समोरून बघून पुढे जायचं नाही, पूर्ण फेरी मारायची. मागची बाजू चांगली झालीय का बघायचं, वाईट शिल्पकार तिथेच सापडतो. आणि वजन कुठे पडलंय ते शोधायचं, कोणत्या पायावर उभं आहे, मग स्वतः तसं उभं राहून बघायचं. लोक बघतील, बघू देत.

जाताना वाट वाकडी करून पेणला गेलात तर गणपतीच्या कारखान्यात डोकवा. दिवाळीत गर्दी नसते, निवांत बोलतात. साच्यातून मूर्ती निघाल्यावरही डोळ्यांची आखणी हाताने होते आणि ते काम ठरावीक माणसंच करतात, ते बघायला मिळालं तर उत्तमच.

---

यमाईचा_डोंगर

@दगडी_छापा, टिकल्यांच्या लक्ष्मीबाबत शंभर टक्के मान्य. माझा रोख आजकालच्या कॅनव्हास प्रिंटवर होता. आणि प्रतींचंच म्हणाल तर अजिंठ्याची गोष्ट आहेच. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून कितीतरी वर्षं तिथे राहून लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ च्या लंडनच्या आगीत गेल्या. मग जे. जे. चे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून परत नकला करायला बसले, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. तरी ज्या उरल्या त्यांत आज लेण्यात पुसट झालेले तपशील सापडतात, म्हणजे नक्कलच कधीकधी पुरावा होते.

कृष्णाकाठ ताई, अजिंठा यावेळी नका जोडू, खूप धावपळ होईल, स्वतंत्र ठेवा. जाल तेव्हा सोमवार टाळा, बंद असतं. (वेरूळ मंगळवारी बंद.) पहिल्या आणि सतराव्या लेण्यात जास्त वेळ ठेवा. आत शिरल्यावर पाचेक मिनिटं काहीच करू नका, डोळे अंधाराला सरावले की रंग वर यायला लागतात. जिथे पोपडा निघालाय तिथे भिंतीच्या कडेला बघा, आधी मातीचा जाड थर, त्यात भाताचं तूस आणि गवताच्या काड्या दिसतात, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. बहुतेक रंग गेरू, पिवळी माती, काजळी असे साधे, निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानकडून आलेला, म्हणून तो जपूनच वापरलाय. फ्लॅश मारता येत नाही, आणि खरं तर मोबाईल बॅगेतच ठेवायला सांगा लेकीला, त्यापेक्षा छोटी वही आणि पेन्सिल द्या. औंधला मात्र उजेड चांगला असताना पोचा, दुपारच्या आत, आणि निघायच्या आदल्या दिवशी उघडं आहे का ते फोन करून विचारून घ्या.