नोकरीत मन लागत नाही, पण सोडायची हिंमतही नाही: आयुष्याचा उद्देश शोधायचा कसा?

अंबडकर_३६:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, 11 वर्षं झाली. डिप्लोमा मेकॅनिकल. बेसिक अधिक डीए 24,000, वर भत्ते. घराचा हप्ता 24,000, घरखर्च 36,000 च्या आसपास, बायकोही कमावते, दोन मुलं. त्रास असा काहीच नाही, पण गेटवर पंच करताना रोज वाटतं, हे सगळं कशासाठी? 'इकिगाई'चा चार वर्तुळांचा तो जपानी तक्ता दोनदा भरला. मधली जागा दोन्ही वेळा रिकामीच. डोक्यात दोन गोष्टी घोळतात: शिकवणं आणि द्राक्षबाग (सासऱ्यांची निफाडला दोन एकर आहे). कृपया 'मनाचा कौल घ्या' वगैरे नको. काय करायचं, किती दिवस आणि माणसं कुठे चुकतात, तेवढं सांगा.

वहीवाला:
तक्ता आधी बाजूला ठेवा. तो जपानी नाहीच म्हटलं तरी चालेल. चार वर्तुळं आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश लेखकाच्या 'उद्देश' आकृतीतली, ब्लॉग लिहिणाऱ्या मार्क विन यांनी 2014 मध्ये तिच्या मधोमध 'इकिगाई' (जगण्याचं कारण) हा शब्द बसवला. जपानी माणूस तो शब्द सकाळच्या फेरफटक्यालाही वापरतो, नातवंडालाही. त्यातून पैसा मिळालाच पाहिजे अशी अट नाही. आवड, हातोटी, जगाची गरज आणि पगार, या चारही गोष्टी एकाच कामाने द्याव्यात असं म्हटलं की मधली जागा रिकामी राहणारच. यात तुमचा दोष नाही.

त्याऐवजी 21 दिवस वही ठेवा. खिशात मावेल अशी घ्या. मोबाईलमध्ये लिहायला गेलात की व्हॉट्सॲप उघडतं. रोज फक्त तीन ओळी. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: काय केलं (क्रियापदात), कोणासाठी, करून झाल्यावर अंगात जोर वाढला की गेला (अधिक 2 ते उणे 2) आणि शिफ्ट कोणती (थर्ड म्हणजे नाइट). नमुना देतो:

'नव्या पोराला मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं उपकरण) धरायला शिकवलं / तो पोरगा, पुढे असेंब्ली / +2 / फर्स्ट'
'कस्टमर कम्प्लेंटचा रिपोर्ट तिसऱ्यांदा बदलला / कोणासाठी ते कळलं नाही / -2 / थर्ड'

चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे 'मीटिंग', 'ऑडिट', 'इन्स्पेक्शन' अशी नामं लिहिणं. मीटिंगमध्ये तुम्ही भांडण मिटवलंत, आकडे मांडलेत की नुसते बसून राहिलात? त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी, रविवारी बसून आठवड्याचं एकदम भरणं. तेव्हा मोठे प्रसंग तेवढे आठवतात, रोजचं बारीकसारीक निसटतं, आणि आपल्याला हवंय ते त्यातच असतं. तिसरी चूक नाइटची. झोप नसली की सगळंच उणे येतं, म्हणून शिफ्टचा रकाना. थर्डचे आकडे वेगळे मोजा.

बाविसाव्या दिवशी सगळ्या +2 च्या ओळींमधल्या क्रियापदांना गोल करा. एकच क्रियापद पाचदा तरी आणि निदान तीन वेगळ्या माणसांसोबत आलं, तर ते तुमचं. फक्त एका जिवलग मित्राबरोबर काम करताना +2 येत असेल तर तो गुण मित्राचा. 'कोणासाठी' हा रकाना वारंवार कोरा राहत असेल तर कंटाळा कामाचा नाही, काम कुठे पोचतं ते दिसत नाही त्याचा आहे. त्याचा इलाज वेगळा.

सातपूर_सर्कल:
तो इलाज सांगतो. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी 2001 मध्ये नोकरी न बदलता काम आतून बदलण्याबद्दल मांडणी केली. त्यात दवाखान्यातल्या सफाई कामगारांचं उदाहरण आहे: काम तेच, पण काहीजण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक समजत आणि त्याप्रमाणे आपणहून थोडं जास्त करत. तीन जागी हात घालता येतो: कोणती कामं करतो, कोणाशी संबंध येतो, आणि ते काम आपण काय समजून करतो. माणसं तिसऱ्यापासून सुरुवात करतात, म्हणजे नुसतं मनाला समजावतात, आणि महिनाभरात पुन्हा 'कशासाठी'वर येतात. आधी कामात फरक करा, समजूत मागून येते.

तुम्ही क्वालिटीला आहात आणि शिकवणं डोक्यात आहे, मग बाहेर कशाला धावता? लाइनवर अप्रेंटिस असतीलच. साहेबांकडे 'मला ट्रेनिंग डिपार्टमेंटला टाका' म्हणून जाऊ नका, नाही म्हणणं फार सोपं होतं. असं मागा: 'सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, शिफ्ट सुरू होताना 30 मिनिटं, चार पोरं. आज या स्टेशनला चुकीच्या मोजमापामुळे किती पीस परत तपासावे लागतात ते लिहून ठेवतो, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजतो. फरक नाही पडला तर बंद.' मुदत आहे, आकडा आहे, नवा माणूस लागत नाही. अशा मागणीला सहसा हो मिळतं.

आणि विषय एकच घ्या. मायक्रोमीटरच घ्या. नवीन मुलं रॅचेट (दाब ठरावीक ठेवणारी टोकाची खुंटी) सोडून थिंबल (फिरवायची नळी) पिळतात. दाब जास्त पडतो, रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं आणि मोठा शाफ्ट ओके होऊन पुढे जातो. 0.01 मिमीच्या खेळात तेवढंच पुरे. एकच शाफ्ट चौघांकडून मोजून घ्या, आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. काही बोलायची गरज पडत नाही. हे बघताना तुमच्या वहीत +2 पडतो की नाही, ते शिकवण्याबद्दलच्या दहा लेखांपेक्षा जास्त सांगेल.

काडी_कात्री:
बागेबद्दल. शेतीकडे वळू बघणारी मंडळी बाग फेब्रुवारीत बघतात, घड लोंबत असताना, फोटोसकट. निर्णय तिथेच चुकतो.

आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची). एप्रिलच्या छाटणीला द्राक्ष येत नाही, नुसती काडी तयार करायची. सबकेन (काडीला फुटणारी उपकाडी) काढणं, शेंडा मारणं, पाणी मोजून देणं, सगळं उन्हाच्या कडाक्यात आणि हातात एक रुपया न येता. पण पुढच्या हंगामाचा घड डोळ्यात (काडीवरच्या कळीत) धरतो तो याच काळात, छाटणीनंतरच्या साधारण 40 ते 60 दिवसांत. ऑक्टोबरला कितीही खर्च केला तरी मे महिन्यात न धरलेला घड निघत नाही. मग पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), विरळणी, जीएचं डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), आणि नोव्हेंबरात पाऊस आला की डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) धास्तीने फवारणीचा ट्रॅक्टर. फुलोऱ्यात पाऊस सापडला तर घडकूज.

म्हणून चाचणी पूर्ण चक्राची घ्या. नोकरी चालू ठेवून एप्रिल ते मार्च, दर साप्ताहिक सुट्टीला बागेत. सासऱ्यांकडे पाहुणा म्हणून जाऊ नका, दोन ओळी स्वतःच्या मागून घ्या आणि त्यांचा खर्च वेगळा लिहा: मजुरी, औषध, खत, पाणी. बाजारभाव तुमच्या हातात नाही, खर्चाची वही आहे. मे महिन्यात, द्राक्षाचा मणीही दिसत नसताना जायची इच्छा झाली तर पुढे बोलू. फक्त काढणीला हुरूप येत असेल तर तुम्हाला द्राक्ष आवडतात, बागायत नव्हे. (पेस्टिंगला हातमोजे घाला, आणि त्या दिवशी दारूला शिवू नका. गंमत नाही, पेस्टिंगच्या औषधातल्या सायनामाइडचा खरंच त्रास होतो.)

हिशोबी:
भावनेचं वरच्यांनी बघितलं, मी पैशाचं सांगतो. उद्देश सापडून सहा महिन्यांत परत नोकरी शोधणारे बहुतेक या हिशोबात अडकलेले असतात.

हप्ता आणि घरखर्च मिळून 60,000. नऊ महिन्यांचे 5,40,000 एफडी किंवा लिक्विड फंडात असल्याशिवाय राजीनामा टाइप करू नका. सहा महिने म्हणतात, पण बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो. पत्नीचा पगार यातून वजा करू नका, तो उशी म्हणून राहू दे. ग्रॅच्युइटी: बेसिक अधिक डीए × 15 ÷ 26 × वर्षं, म्हणजे 24,000 वर 11 वर्षांचे साधारण 1,52,300. ते नऊ महिन्यांत धरू नका, कारण हातात यायला वेळ लागतो. पीएफ काढू नका.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकच आरोग्य विमा) नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते घड्याळ आजपासून सुरू होऊ दे.

शिकवण्याचं: शाळेत जायचं तर बी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागेल. आपलं मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे म्हणून कारखान्यातून तिथलं बी.एड. करता येईल असं पुष्कळांना वाटतं. ते सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असतं. तुमच्या अनुभवाला आयटीआयचा निदेशक जास्त जवळचा. डिप्लोमाला दोन वर्षांचा अनुभव पुरतो, तुमच्याकडे 11 आहेत. सोबत एक वर्षाचा क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचा कोर्स लागतो. जाहिरात नीट वाचून मगच अर्ज करा.

गोदाकाठ:
दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. 'एक चित्रपट पाहिला आणि आयुष्य बदललं' एवढंच सांगतात. त्याआधी चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग एवढं सगळं करून झालं होतं. क्रियापद एकच: चित्र हलवून माणसाला थक्क करणं. आणि 'राजा हरिश्चंद्र' (1913) आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून भांडवल देणाऱ्याला दाखवली. चाचणी म्हणतात ती ही. विमा पॉलिसी गहाण टाकली ते मात्र अनुकरण करू नका, हिशोबी रागावतील.

बाकी माझं थोडं वेगळं मत. नोकरीने पगार द्यावा आणि उद्देश संध्याकाळी सात ते नऊमध्ये असावा, हेही पूर्ण उत्तर आहे. सगळं एकाच खुंटीला टांगलं की खुंटी निघते.

अंबडकर_३६:
सगळ्यांचे आभार. वही आणली, आजपासून सुरू. एक शंका: साहेबांशी आत्ताच बोलू की 21 दिवस झाल्यावर?

सातपूर_सर्कल:
21 दिवसांनंतर. तोवर रीचेकचे आकडे रोज शिफ्ट संपताना टिपून ठेवा, नाहीतर 'आधी किती होतं' यावरच वाद होईल. आणि पोरांपुढे मायक्रोमीटर नेण्याआधी झिरो तपासा (पूर्ण मिटवल्यावर शून्य दाखवतो का). पहिल्याच दिवशी सरांचाच झिरो चुकलेला निघाला तर सहा आठवडे तेच ऐकावं लागेल.