समुद्राकाठच्या पार्कमध्ये घरच्यांसोबत कसे चालता? (अनुभव धागा)

समुद्रालगतच्या पार्कमध्ये पायवाटांचा नकाशा लावलेला असतो, प्रत्येक वाटेचं अंतरही लिहिलेलं असतं. पण लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्या अंतराचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं मत. आपली चाल ठरते ती भरती-ओहोटीवर आणि घरातल्या सगळ्यात छोट्या माणसावर.

आम्ही आदल्या रात्रीच भरतीची वेळ बघून ठेवतो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि आठवड्याभरात चित्र पुरतं उलटं होतं. गेल्या रविवारी सकाळी ९ वाजता जी वाळू मोकळी होती, तिथे या रविवारी त्याच वेळी पाणी असतं.

ओहोटी असली की आमची वाट लांबत नाही, थांबते. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसली की मुलगा तिथेच उकिडवा बसतो. हलायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. थोड्या वेळाने बिळातून वाटाण्याएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाणं निवडून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. मग दुसरी, तिसरी. चालणं तिथेच संपलं तरी आम्हाला चालतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी.

* * *

वडील व्हीलचेअरवर असतात, म्हणून लिहितेय. लाकडी फळ्यांची वाट असेल तर फळ्या आडव्या आहेत की उभ्या, ते आधी बघा. चालण्याच्या दिशेला आडव्या असतील तर चाकं सरळ जातात. उभ्या असतील तर पुढची छोटी चाकं फटीत अडकतात. कोरड्या वाळूत खुर्ची ढकलण्याचा प्रयत्नच करू नका.

दुसरं म्हणजे वारा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, त्यामुळे दुपारनंतर समुद्राकडून वारा जोर धरतो. जाताना वारा अंगावर घ्यायचा, येताना पाठीवर. दमल्यावर समोरून वारा आला की बाबा अगदी गप्प होतात. वारा पाठीवर असला की परतीच्या वाटेवर गप्पा चालू असतात. वाटेत बाक कुठे कुठे आहेत, हे मला नकाशापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

* * *

मी पक्षी बघायला जातो. एक कळकळीची विनंती. भरतीच्या वेळी चिखलाचा पट्टा पाण्याखाली जातो, तेव्हा किनाऱ्यावरचे पक्षी उरलेल्या कोरड्या जागेत दाटीवाटीने विश्रांती घेत असतात. मुलं धावत गेली की सगळा थवा उडतो. दृश्य सुरेख दिसतं, पण पक्ष्यांची ताकद फुकट जाते. कुत्रा असेल तर पट्टा हातातच ठेवा.

मुलांना नुसतं 'पळू नका' सांगून भागत नाही, असा माझा अनुभव. मी त्यांना बार-टेल्ड गॉडविट या स्थलांतर करणाऱ्या किनारी पक्ष्याची गोष्ट सांगतो. २०२२ साली यातलं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, अलास्काहून टास्मानियाला सुमारे १३,५०० किलोमीटर न थांबता उडत गेलं. ११ दिवस, ना खाणं ना पाणी. पाठीवरच्या छोट्या ट्रान्समीटरमुळे ते कळलं. हे ऐकल्यावर भाचरं आपणहून दबक्या पावलांनी चालायला लागली.

* * *

वाळूच्या टेकड्यांवर दोरी बांधलेली असते, तिचं कारण मुलांना दाखवता येतं. उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादावेल असते. तिच्या पेरापेरांतून मुळं फुटतात आणि वाळू धरून ठेवतात. 'जवळची वाट' म्हणून लोक तिच्यावरून जात राहिले की वेल मरते, मग वारा तिथूनच टेकडी कोरायला लागतो. शाळेची मुलं घेऊन जाते तेव्हा मी वेलीचं पेर न तोडता नुसतं बोटाने दाखवते.

आणि शंख घरी आणू नयेत. शंखातल्या खेकड्याला अंग वाढलं की मोठा रिकामा शंख लागतो, तो त्याला किनाऱ्यावरच मिळायला हवा.

* * *

ताई, व्हीलचेअरबद्दल अगदी बरोबर लिहिलंत. बाबागाडीलाही तेच लागू. आम्ही तर बाळ झोळीत घेतो आणि हात मोकळे ठेवतो.

मला विचारायचंय, खडकांना वळसा घालून पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर जाणारी वाट असते, तिथे मुलांना न्यावं का?

* * *

न्यावं, पण अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे नाही. तेव्हा उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि भरतीला तितकंच वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, चढउतार कमी. तेव्हाही ओहोटी चालू असतानाच निघा आणि पाणी सगळ्यात खाली जाण्याच्या वेळेला, पलीकडे कितीही मजा येत असली तरी, परत फिरा. त्या वाटेसाठी आमच्या घरात घड्याळाचा गजर लावलेला असतो. तो वाजला की मुलंच चपला शोधायला लागतात.