मदत हवी आहे: ‘हार्ट’ आणि ‘हृद्’ यांच्यातल्या ‘ह’चा हिशेब

‘हार्ट’ची व्युत्पत्ती बघतोय आणि एकाच अक्षरावर अडलोय. इंग्रजी ‘हार्ट’ आणि संस्कृत ‘हृद्’ (हृदय) एकाच मूळ भारत-युरोपीय शब्दातून आले असं मानतात. जर्मनमध्ये हेर्त्स, गॉथिकमध्ये हेर्तो. लॅटिन कोर आणि ग्रीक कार्डिया यांत मात्र ‘क’. ग्रिमच्या नियमाने मूळच्या ‘क’चा जर्मॅनिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या शाखेत) ‘ह’ होतो, इथवर ठीक.

पण या ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ यायला हवा. हंड्रेड–शतम्, हाउंड–श्वन्, दोन्हीकडे तसंच आहे. मग ‘हृद्’मध्ये ‘ह’ कुठून आला? संस्कृतात असा ‘ह’ असतो तिथे इंग्रजीत ‘ग’ सापडतो, जसं हंस आणि गूस. म्हणजे हार्ट–हृद् यांतल्या ‘ह’चं वरवरचं साम्यच फसवं आहे. गंमत म्हणजे ‘श्रद्धा’तला ‘श्रद्’ याच मुळातला मानतात, आणि त्यात अपेक्षित ‘श’ आहे!

प्राकृताचा प्रभाव म्हणावा, तर अवेस्तातही (प्राचीन इराणी धर्मग्रंथात) ‘झेरेद्’ आहे, आणि तिथला ‘झ’ संस्कृतातल्या अशाच ‘ह’शी जुळतो. त्यामुळे हा बदल भारतीय आणि इराणी शाखा वेगळ्या होण्याआधीचा दिसतो. व्यंजनबदलाचा व्हर्नरचा नियमही पाहिला, तो जर्मॅनिकपुरताच.

वाचायला मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल, जर्मन येत नाही. भारत-इराणी शाखेत या एकाच शब्दाचं पहिलं व्यंजन का बदललं, याचं अभ्यासकांत सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण कोणतं?