फ्लाइट सिम्युलेटर: रेझोल्यूशन उतरवलं तरी एफपीएस हलत नाही

प्रश्न:
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी), डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १०८०पी मॉनिटर. मोकळ्या रानावर ४५ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम), पण मुंबईला ए३२० विमान उतरवताना २२, वर हिसके. रेंडर स्केल (चित्र किती रेझोल्यूशनला काढायचं ते) ७० टक्के केलं तरी तेच. नवं कार्ड घेऊ का?

उत्तर १:
कार्डावर पैसे घालू नका. पिक्सेल कमी करूनही वेग तोच, म्हणजे घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. डेव्हलपर मोड चालू करून डीबग मेन्यूतलं 'डिस्प्ले एफपीएस' लावा. 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' दिसेल, म्हणजे प्रोसेसरवरचा मुख्य थ्रेड (एका ओळीने चालणारं काम) अडतोय. टास्क मॅनेजर सीपीयू ४० टक्के दाखवतो त्याला भुलू नका, ती १२ थ्रेडची सरासरी आहे. सिम्युलेटरचा मुख्य भार एकाच थ्रेडवर असतो.

टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचे बारकावे किती लांबवर दाखवायचे ते) २०० असेल तर १०० करा, सगळ्यात मोठा फरक तिथेच. मग ग्लास कॉकपिट (विमानातले स्क्रीन) रिफ्रेश रेट मीडियम, विमानतळावरची वाहनं आणि उभी विमानं निम्मी. टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) कमी करू नका, त्याचं ओझं कार्डाच्या मेमरीवर असतं आणि १२ जीबी पुरे आहे. एका वेळी एकच बदल. जागा, वेळ, हवामान तेच ठेवून तपासा, नाहीतर नुसते ढग मोजत बसाल.

उत्तर २:
आधी रॅमचा वेग बघा. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर २१३३ किंवा २४०० दिसलं, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद आहे (असूसच्या काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी). चार स्लॉट असतील तर पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात हव्यात. बोर्डाचं मॅन्युअल बघा. ३२०० वर मशीन उठलं नाही तर सीमॉस क्लिअर करून (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणून) ३००० लावा.

प्रश्नकर्ता:
रॅम २४०० वरच होती! आता ३२००, टेरेन १००. मुंबईत ३३. हिसके थोडे उरलेत.

उत्तर १:
मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ३० बांधा. वरखाली होणाऱ्या ३३ पेक्षा स्थिर ३० डोळ्यांना बरं. ब्राउझर बंद ठेवा, १६ जीबी रॅम इथे काठोकाठ भरते.

पुढे खर्च करायचाच तर त्याच एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) रायझन ७ ५७००एक्स३डी प्रोसेसर: एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) ३६००ची ३२ एमबी, याची ९६, आणि हा सिम्युलेटर कॅशवर जगतो. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीनच येणार नाही. ३६०० सोबत आलेला छोटा कूलरही (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) बदला.