वर्णसमतेसाठी ६९ किलोमीटर

प्रश्न : २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे वर्णभेदी कायद्यांविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात अधिकृत नोंदीनुसार ६९ जण मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ मार्चच्या पहिल्या २१ दिवसांत गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर ६९ किलोमीटर धावून वर्णसमतेच्या कार्यासाठी निधी जमवण्याचे मी ठरवले आहे. सराव कसा करावा?

उत्तर १ : आठवड्यातून एक दिवस विश्रांती धरल्यास रोज सुमारे चार किलोमीटर होतात. मार्चमधील दमट उकाडा पाहता सूर्योदयापूर्वी निघावे आणि ओल्या, घट्ट वाळूवरच धावावे, कारण भुसभुशीत वाळूत पोटऱ्या लवकर भरून येतात.

उत्तर २ : संकल्प मनापासून आवडला. तथापि आमच्याच वाड्यावर एका आफ्रिकी विद्यार्थ्याला केवळ वर्णामुळे भाड्याची खोली नाकारलेली मी पाहिली आहे. म्हणून अशा विद्यार्थ्यांनाही सोबत धावण्यास बोलवावे.

प्रश्नकर्ता : अवश्य बोलावीन.